खाणीची मुदत संपली, दंड मात्र आमच्या सातबाऱ्यावर. आता या खड्ड्याचं काय करू?

गलाईवाला (रविवार, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. मी इथं नुसता वाचत बसणारा माणूस, लिहायची वेळ आज आली.

मूळ गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पूर्वेला. धंदा गलाईचा, कोइंबतूरला. सोनं-चांदी गाळायचं छोटं दुकान. आमच्या भागातल्या किती घरांची पोरं अशी मुशी पेटवायला देशभर पांगलीत ते माहितगारांना सांगायला नको. त्यामुळं गावाकडचं रान म्हातारी माणसं बघतात नाहीतर वाटेकरी. आमचंही तसंच.

गट दोन हेक्टर चाळीस आर. त्यातला शंभर आर माळ वडिलांनी २०१४ साली एका खडीक्रशरवाल्याला संमतीपत्र करून दिला. खाणपट्टा त्याच्या नावावर, जमीन आमची. तेव्हा त्या माळावर कुसळाशिवाय काही येत नव्हतं. टेंभूचं पाणी येणार येणार म्हणून दोन पिढ्या ऐकत होत्या. आता पाणी आलंय, खालच्या अंगाला डाळिंबं लागलीत, आणि आमच्या वाट्याला आलाय खड्डा.

२०२४ ला मुदत संपली. जबडा, जाळी, पट्टे, सगळं आठ दिवसांत उचलून नेलं. मागं उरलं ते सांगतो. साठ आरात खड्डा, सरासरी चाळीस फूट खोल. शेजाऱ्याच्या बांधाकडची कड एकदम ताशीव, वरून डोकावलं की पोटात गोळा येतो. कडेला काटेरी तारेचे दोन पदर, तेही एका ठिकाणी मेंढरांनी वाकवलेले. तळात हिरवं पाणी. क्रशर होता तिथं डस्टचा ढीग, वारा सुटला की तो शेजाऱ्याच्या डाळिंबावर जातो आणि शिव्या मला फोनवर येतात. गेल्या श्रावणात एका धनगराची दोन मेंढरं त्या ताशीव कडेवरून खाली गेली. त्याला पैसे मी दिले. कुणीतरी द्यायलाच हवे होते.

खरी गोष्ट पुढं आहे. महिन्यापूर्वी सातबारा काढला तर इतर हक्कात दंडाचा बोजा! तहसीलमध्ये विचारलं. ईटीएस मशीननं (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) खाण मोजली, खड्डा भरला २५,४४२ ब्रासचा (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), क्रशरवाल्यानं रॉयल्टी भरली २१,३०० ब्रासची, फरक ४,१४२ ब्रास. तो अवैध धरून दंड. रक्कम लिहीत नाही, तेवढ्यात आमचा गट काय, शेजारचे दोन गट येतील. नोटीस वडिलांच्या नावानं निघाली होती आणि घराच्या दारावर डकवली होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आईला वाचता येत नाही, तिनं ती देवळीत जपून ठेवली होती.

आम्ही काट्यावर मिलिग्रॅम मोजणारी माणसं. दुकानातला केरसुद्धा वर्षाकाठी जाळून त्यातलं सोनं काढतो. आणि इकडं घरच्या रानातून दहा वर्षं डोंगर गेला तर एकाही पावतीची झेरॉक्स आमच्याकडं नाही.

आता प्रश्न. संमतीपत्रात लिहिलंय, "मुदत संपल्यावर जमीन जशी असेल तशी मालकाच्या ताब्यात देण्यात येईल." म्हणजे भरून देणं त्याच्यावर नाही का? दुसरं, त्या साठ आरात एक जुना खड्डा आधीपासून होता, बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामासाठी खोदलेला. माझी आजी तिथं खडी फोडायला होती. मशीननं तोही मोजलाय. हे सिद्ध कसं करायचं? आणि तिसरं, खड्डा भरू की तळं म्हणून ठेवू? क्रशरवाला फोन उचलत नाही. मी दहा दिवसांच्या सुट्टीवर गावी आलोय.

माळावरचा (रविवार, रात्री ११.५२)

सगळं सेटिंग असतं भाऊ. मोजायला येतात ते जेवून जातात. बोजा कमी करायचा तर कुणाला भेटायचं ते विट्यात विचारा, इथं नको.

निवृत्त मंडल (सोमवार, सकाळी ६.४०)

वरच्या प्रतिसादाकडं दुर्लक्ष करा. चौतीस वर्षं महसुलात काढली. जेवून जाणारेही पाहिले, न जेवता पंचनामा करणारेही. तुमचं काम कागदाचं आहे, ते कागदानंच होईल.

आधी तारीख बघा. तहसीलदारांच्या आदेशावरचीही बघा, पण मुदत मोजतात ती आदेश तुम्हाला मिळाला त्या दिवसापासून. जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताकडं अपील होतं, मुदत साठ दिवस. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडायचा. स्थगिती वेगळी मागायची. नुसतं अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही, इथं लोक हमखास फसतात.

मयत माणसाच्या नावानं आदेश निघाला हा मुद्दा तुमच्या बाजूचा. पण तुम्ही लिहिलंय वडील जाऊन तीन वर्षं झाली आणि नोटीस तरी त्यांच्याच नावानं. याचा अर्थ वारस नोंद केलेली नाही! रागावू नका, पण हा तुमचा दोष. तलाठ्याला काय स्वप्न पडणार आहे का? आज दुपारी जाऊन अर्ज द्या. वारस म्हणून नाव लागलं नाही तर अपिलात तुम्ही कोण, हाच पहिला प्रश्न येईल.

आता दंडाचं. जमिनीच्या पोटातलं खनिज सरकारचं, हे कलम ४८ चं पहिलंच वाक्य. जमीन तुमची आणि दगड सरकारचा, म्हणून तर रॉयल्टी. ४८(७) मध्ये विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे. तो कुणाला? ज्यानं काढलं त्याला. खाणपट्टा ज्याच्या नावावर, पास ज्याच्या नावावर, तो सोडून दंड तुमच्या सातबाऱ्यावर का आला? कारण जमीन पळून जात नाही. क्रशरवाला पळतो. मीही नोकरीत असताना असे बोजे चढवलेत, खोटं कशाला सांगू. तुम्ही अपिलात खाणपट्टाधारकाला प्रतिवादी करा आणि खाणपट्ट्याचा आदेश, करारनामा, दरवर्षीचे रॉयल्टीचे चलन, वाहतूक पासांचा हिशेब, ईटीएसचा नकाशा आणि मोजणीच्या नोंदी, सगळ्याच्या प्रमाणित नकला जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडून मागवा. सरळ नाही दिल्या तर माहिती अधिकार. तीस दिवस लागतात, म्हणून आजच टाका.

बहात्तरचा खड्डा. तालुक्याच्या अभिलेख कक्षात हस्तलिखित सातबारे असतात. त्यात १९७५ ते ८५ मधला तुमच्या गटाचा उतारा काढा आणि पोटखराबा (लागवडीलायक नसलेली जागा) बघा. जुने तलाठी प्रामाणिकपणे लिहायचे, "पो.ख. खाण, ० हे. ८ आर" असं. नोंद सापडली तर निम्मं काम झालं.

खाणवाली (सोमवार, दुपारी २.१५)

मी मायनिंग इंजिनिअर. खाणींचे आराखडे करते आणि पर्यावरण मंजुरीचे अनुपालन अहवाल भरते. म्हणजे तुमच्या क्रशरवाल्यासारख्यांचे पैसे घेऊन जगते, हे आधीच सांगून टाकते.

"जशी असेल तशी" या वाक्याला घाबरू नका. ते तुम्हा दोघांतलं आहे. त्यानं सरकारला जे लिहून दिलंय ते वेगळंच आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा दीपक कुमार विरुद्ध हरियाणा हा निकाल आला, तेव्हापासून पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी लागते. तुमचा पट्टा २०१४ चा, म्हणजे मंजुरीपत्र असणारच. 'परिवेश' संकेतस्थळावर शोधा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या दप्तरात बघा, एक प्रत तिथं द्यावी लागते. (दप्तर म्हणजे बहुधा कपाटावरची गोणी.) मागच्या पानांवर अटी असतात. वरची माती वेगळी साठवायची, खाणीभोवती पाण्याचा चर काढायचा, कुंपण, झाडं, आणि शेवटी जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा. दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यायचा असतो. तुमच्याही प्रकरणात कुणीतरी माझ्यासारखीनं "माती साठवलेली आहे, वृक्षारोपण प्रगतिपथावर आहे" असं वर्षानुवर्षं लिहिलं असणार. ते अहवाल मागवा. त्यानं स्वतः लिहून दिलेली गोष्ट त्याच्यासमोर ठेवा.

शिवाय ८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की खाणकाम संपल्यावर खाणपट्टाधारकानं तिथं पुन्हा गवत उगवून जमीन चारा आणि झाडझाडोरा येण्याजोगी करून द्यायची. धारकानं. जमीनमालकानं नव्हे.

तुमचं मोजमाप वाचून माझ्या डोळ्यासमोर खाण उभी राहिली. चाळीस फूट एकच ताशीव भिंत, म्हणजे टप्पे पाडलेच नाहीत. कठीण दगडात टप्प्याची उंची सहा मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको, हा १९६१ च्या नियमावलीतला नियम आहे, आणि पट्ट्याच्या हद्दीपासून साडेसात मीटर सोडायचे असतात. "आमची छोटी खाण, आम्हाला खाण कायदा लागत नाही" असं क्रशरवाले सांगतात. ती सूट खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत आणि सुरुंग नाही, या तिन्ही अटी पाळल्या तरच. इथं खोलीच बारा मीटर आहे. तेव्हा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडंही एक अर्ज जाऊ द्या. सोडलेल्या खाणीला कुंपण घालणं ही पट्टाधारकाची जबाबदारी, तुमची मेंढरांची भरपाई त्यात लिहा.

गंमत अशी की इतकी कार्यालयं येतात, पण प्रत्येकजण आपल्यापुरतं मोजतो. महसूलवाला ब्रास मोजतो. प्रदूषण मंडळवाला क्रशरच्या यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर धूळ मोजतो, सहाशे मायक्रोग्रॅमच्या आत आहे का बघतो आणि जातो. सुरक्षावाला अपघात झाला तर येतो. भिंत हद्दीपासून किती लांब आहे आणि काळी माती कुठं गेली, हे मोजायला टेप घेऊन उतरलेला माणूस मी फार कमी पाहिला.

आता ब्रासचं. शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. साठ आर गुणिले बारा मीटर, ७२,००० घनमीटर, भागिले २.८३. बरोबर तुमचा आकडा. म्हणजे त्यांनी अख्खी पोकळी दगडाची धरलीय. वरची माती आणि मुरूम वजा केलेला नाही, जुना खड्डाही नाही. समजा वर दीड मीटर माती-मुरूम होता, तर तोच ९,००० घनमीटर, ३,१८० ब्रास. जुना खड्डा तीस बाय पंचवीस बाय चार मीटर असेल तर आणखी हजार-साडेदहाशे. फरक जवळपास संपतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. मुरूम हेही गौण खनिज, तो विकला असेल तर वजा होणार नाही. ढीग जागेवर असेल तेवढाच. आणि डंपरमधला ब्रास सुटा असतो, खड्ड्यातला घट्ट. फुटलेला दगड सव्वा ते दीड पट फुगतो. समोरच्यानं पासांवरचे ब्रास घट्टमध्ये बदलले तर फरक वाढेल, कमी होणार नाही. हे क्रशरवाल्याच्या अंगावर येणारं आहे, पण ऐनवेळी तुम्ही गोंधळू नका म्हणून सांगितलं.

बहात्तरचा कोपरा शोधायला खाली उतरा. पाणी नसेल तिकडून, आणि एकटे नको. नव्या भिंतीवर मशीनच्या बोअरच्या अर्ध्या नळ्या दिसतील, सरळ, एकसारख्या, वरपासून खालपर्यंत पन्हळी कापल्यासारख्या. हातानं पहार मारून काढलेल्या कोपऱ्यात त्या नसतात. तिथं भोकं आखूड आणि वाकडी असतात, दगड तांबूस पडलेला असतो आणि दगडफुलाचे ठिपके धरलेले असतात. नव्या फोडीवर दहा वर्षांत इतकं दगडफूल येत नाही. जवळ पट्टी धरून फोटो काढा. आणि गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं उघडा, २०१४ च्या आधीचं एखादं स्वच्छ चित्र मिळालं तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

भरायचं की ठेवायचं ते रात्री लिहिते, साइटवर निघालेय.

कातळमाळ (सोमवार, संध्याकाळी ७.०५)

आमच्याकडे सिंधुदुर्गात चिरेखाणी. तुमच्यासारखा काळा पाषाण नाही, जांभा. मशीननं चिरा कापतात, खाण पंधरा-वीस फुटांवर जात नाही. आमच्या घरच्या दोन खाणी मी भरून घेतल्या. पण त्या भरता आल्या, कारण सुरुवातीपासून नवीन कापाची वरची माती मागच्या मोकळ्या झालेल्या कापात ढकलत होतो. खाण पुढे सरकते, माती मागून येते. आता एकीत काजू आहे, दुसरीत हापूसची कलमं. पहिली दोन वर्षं कलमं पिवळी पडली, पाणी साचून. मग एका अंगाला चर मारला तेव्हा सुधारली. शेवटी एकदम माती आणून भरायची म्हटली असती तर घर विकावं लागलं असतं.

तुम्ही बाहेरून भराव आणणार असाल तर एकच सांगतो, "फुकटात भरून देतो" म्हणणाऱ्याला गेट उघडू नका.

खाणवाली (सोमवार, रात्री १०.३०)

कातळमाळ यांचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात वाचा. मोकळी खाण दिसली की शहरातला राडारोडा, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, कारखान्याचा गाळ, सगळं रात्री येऊन पडतं. बेसाल्टच्या भेगांतून ते पाणी थेट खालच्या विहिरींत उतरतं. तुमच्या खाली डाळिंबवाले आहेत.

पूर्ण भरायचा हिशेब करा. हायवात पाच ब्रास धरले तरी पाच हजारांवर खेपा. विसरून जा.

मी असं करीन. ताशीव भिंतीला वरून टप्पा काढता येणार नाही, पलीकडं शेजारी आहे. म्हणून आतून टेकू द्यायचा. डस्ट, डबर, मुरूम भिंतीच्या पायाशी उतरता ओतायचा, एक उभा तर दीड आडवा. भिंत ऐंशी मीटर लांब असेल तर पूर्ण उंचीला तीन हजार ब्रास लागतील, अर्ध्या उंचीपर्यंत साडेसातशेच. अर्धी उंची केली की वर राहिलेली सहा मीटरची कड, तिला चांगलं कुंपण. डस्ट उघडी ठेवू नका, पावसात ती शेवयांसारखी वाहून येते, वर मुरमाचा थर हवा. दुसऱ्या बाजूनं गुरं उतरतील-चढतील असा सौम्य उतार. खोल भाग तळं म्हणून ठेवा, पण आधी पाणी टिकतं का बघा. सुरुंगानं तळ फुटलेला असला तर दिवाळीपर्यंत खडखडीत होईल. आणि काळी माती जिथं आहे तिला हात लावू देऊ नका. त्या सगळ्या माळावर परत आणता न येणारी वस्तू तेवढीच आहे.

रंकाळा काठ (मंगळवार, सकाळी ९.१२)

कोल्हापूरकरांना विचारा. रंकाळा मुळात दगडाची खाणच म्हणतात, आणि इराणी खणीत तर आम्ही दरवर्षी गणपती सोडतो. खण ठेवायची तर नीट काठ बांधून ठेवा, माणसं आपोआप येतात. कुंपण नसेल तर पोरंही येतात पोहायला, ते वाईट.

गलाईवाला (काही आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०.०५)

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांची सुट्टी वाढवली. दुकान मेहुणा बघतोय, रोज फोनवर मला काट्याचे आकडे वाचून दाखवतो.

मंडल साहेब, तुमचं रागावणं बरोबर होतं. वारस नोंदीचा अर्ज दिला. आदेशाला एकेचाळीस दिवस झाले होते, म्हणजे मुदतीत निघालो. अपील दाखल, स्थगिती मिळाली, फेरमोजणीचा आदेश झाला. क्रशरवाल्यालाही नोटीस गेली. त्यानंतर त्याचा पहिला फोन आला, "अहो, घरातल्या घरात मिटवलं असतं." दीड वर्ष हेच सांगायला फोन लावत होतो म्हटलं.

जुना सातबारा सापडला. १९७८-७९ चा. शाई तपकिरी झालीय, पण पोटखराब्यात "खाण" हा शब्द स्पष्ट आहे. आकडा सात आर. ताईंनी अंदाजानं धरला होता त्याच्या जवळपासच.

परवा फेरमोजणी झाली. जीपमधून चौघं आले. एकानं कडेला तिपाई रोवून मशीन बसवलं, आणि एक विशीतला पोरगा आरसा लावलेली काठी घेऊन खाली उतरला. तो प्रत्येक कोपऱ्यात जाऊन काठी उभी धरायचा, वरचा माणूस मशीनमधून बघून "हं" म्हणायचा, पोरगा पुढं. दोनशेच्या वर "हं" झाले. पाणी असलेल्या भागात मागच्या वेळी काय केलं होतं विचारलं, तर म्हणे अंदाजानं धरलं होतं. या वेळी मी दोन दिवस आधी इंजिन लावून पाणी उपसलं होतं. तळात साडेतीन फूट गाळ निघाला. तोही त्यांनी नोंदवला.

आजीला मी आणणार नव्हतो. शहाऐंशी वय. ती चुलतभावाच्या मोटरसायकलवर बसून आली. कडेला काठी टेकून उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, "त्या बाभळीच्या खालचं आमचं. पलीकडचं ह्यांचं." साहेब हसले. मग पोरगा त्या कोपऱ्यात उतरला आणि खालून ओरडला, "सर, इथं बोअरच्या खुणा नाहीत." मी ताईंनी सांगितल्याप्रमाणं आधीच फोटो काढले होते, पण तो ओरडला त्याचा परिणाम वेगळा झाला. मीही खाली गेलो. पहारीची भोकं मोजली, अकरा सापडली. एकात बोट घातलं तर बोटाच्या दोन पेरांइतकंच खोल, बाकीचा दगड निघून गेलेला. आजीला वर येऊन सांगितलं तर म्हणाली, ती गड्यांची कामं, आम्ही बायका वर बसून फोडायचो, घरी जाऊन सुकडी खायचो, आणि खडीचा ढीग मोजायला येणारा मुकादम फरा (मापाची चौकट) फिरवताना नेहमी वरच्या अंगाला धरायचा, ढीग कमी भरावा म्हणून. ती हे साहेबांकडं बघून बोलली. साहेबांनी वहीत मान घातली.

गूगल अर्थवर २०११ चं एक चित्र मिळालं, त्यात तेवढाच काळा डाग दिसतो.

माती-मुरमाचा ढीग मोजला. सातशे ब्रास निघाला. बाकीचा मुरूम गेलाय, वाटेकरी म्हणतो २०१६ ला रस्त्याच्या कामाला हायवा भरून गेला. तो वजा होणार नाही, ते मान्य. अहवाल अजून हातात नाही. भिंत शेजाऱ्याच्या हद्दीपासून कुठं तीन मीटर, कुठं चार, हेही या वेळी नकाशात दाखवायला लावलं. आधी म्हणाले आमचं काम उत्खननाचं, हद्दीचं नाही. पंचनाम्यात लिहून घ्या म्हणून अडून बसलो.

अनुपालन अहवालही आले, माहिती अधिकारातून. ताई, तुम्ही म्हणाला तसंच. "वृक्षारोपण : ४०० रोपे, जगण्याचे प्रमाण ९० टक्के." माळावर एक बाभूळ आहे, ती आजीच्या वेळची.

आता क्रशरवाला डस्ट आणि डबर भिंतीच्या पायाशी टाकून द्यायला तयार झालाय, अर्ध्या उंचीपर्यंत, आणि कुंपण. लेखी घेतोय, या वेळी झेरॉक्स काढून. दंडाचं काय ते प्रांतांपुढं, पुढची तारीख २३ ला आहे.

एक शेवटचं विचारायचंय. सातशे ब्रास म्हणजे दोन हजार घनमीटर, दीड फूट थर दिला तर त्रेचाळीस गुंठे झाकतील असा माझा हिशेब. पण पसरायला पुढचा उन्हाळा उजाडेल. तोवर पावसात हा ढीग वाहून जाऊ नये म्हणून वर काही पेरता येईल का?

निवृत्त मंडल (शनिवार, सकाळी ६.१०)

२३ ला मूळ सातबारा घेऊन जा, झेरॉक्स नको. पेरण्याचं मला कळत नाही.

कातळमाळ (शनिवार, सकाळी ८.३०)

ताग टाका. ढिगाचा माथा आधी सपाट करा आणि खालच्या अंगाला दगडाची एक ओळ लावा, नाहीतर बीसुद्धा वाहून जाईल. पसरायच्या वेळी तो त्यातच गाडा. आणि आजींना माझा नमस्कार सांगा.